एकीकरणानंतरची इटाली

मॅझिनी, गॅरिबाल्डी व काव्हूर हीं नांवें महाराष्ट्रांतील वाचकवर्गास परकीं नाहींत. १९०७ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या मॅझिनीविषयक ग्रंथानें तर एका संबंध पिढीच्या मनांत इटालीस शेजारच्या घराइतकें जवळ आणून बसविलें. परंतु आपल्याकडे ही कथा बहुधा १८६१ च्या मार्च महिन्यांत, व्हिक्टर इमॅन्युएलच्या नांवाची इटालीभर द्वाही फिरली कीं संपते. फार तर १८७० सालीं रोम हस्तगत होईपर्यंत लांबते. नाटकाचा पडदा पडल्यावर पात्रें घरीं जाऊन काय जेवतात याची चौकशी प्रेक्षक करीत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार होय.

प्रस्तुत लेखांत त्या पडद्यामागील एकच हकीकत सांगावयाची आहे. इटालीचा उत्तर भाग व दक्षिण भाग यांच्या दरडोई उत्पन्नांतील अंतर गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत कसें वाढलें, एकदांच कसें घटलें, आणि पुन्हा जेथल्या तेथें कसें अडकून राहिलें, ही ती हकीकत. इटालियन लोक आपल्या दक्षिणेस ‘मेझ्झोजोर्नो’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘माध्याह्न’, कारण माध्याह्नीं सूर्य त्या दिशेस असतो. नांव असें लख्ख उजेडाचें. पण ‘दक्षिणेचा प्रश्न’ हे दोन शब्द उच्चारले कीं त्या देशांतील मुत्सद्द्यांचे चेहरे काळवंडतात, आणि हें पांच पिढ्या चाललें आहे.

दोन विहिरी खालून एका बोगद्यानें जोडल्या तर दोहींतील पाणी सारख्या पातळीस येतें. देशांतील श्रीमंत व गरीब प्रांतांचेंही असेंच होईल, अशी अर्थशास्त्रज्ञांची पुष्कळ काळची श्रद्धा आहे. जेथें भांडवल दुर्मिळ तेथें त्यास किफायत अधिक, म्हणून भांडवल गरीब प्रांताकडे वाहील. जेथें मजुरी अधिक तिकडे मजूर जाईल. आणि अशा रीतीनें अंतर मिटेल. रॉबर्ट सोलो यानें १९५६ सालीं या विचारास गणिती रूप दिलें, आणि १९९० च्या सुमारास बॅरो व साला-इ-मार्तिन या दोघांनीं अमेरिकेंतील संस्थानांच्या आंकड्यांवरून असें दाखविलें कीं हें अंतर दरसाल शेंकडा दोन या गतीनें, म्हणजे अदमासें पस्तीस वर्षांत निम्मे, कमी होत जातें. याच्या उलट स्वीडनचा गुन्नार मिर्दाल १९५७ सालीं म्हणाला कीं बाजार मोकळा सोडला तर ज्याच्यापाशीं आहे त्याच्याचकडे आणखी जातें; हुशार माणसें, पैसा, कारखाने, सारींच एका दिशेस धांवतात. इटालीनें या दोन्ही पक्षांच्या बाजूनें साक्ष दिली आहे, आणि उलटतपासणींत दोघांनाही अडचणींत आणलें आहे.

१८६० च्या मे महिन्यांत सुमारें एक हजार स्वयंसेवक घेऊन गॅरिबाल्डी सिसिलीच्या मार्साला बंदरीं उतरला आणि ७ सप्टेंबर रोजीं नेपल्स शहरांत शिरला. बोर्बोन घराण्याचें ‘दोन सिसिलींचें राज्य’ (हें चमत्कारिक नांव त्या घराण्यानेंच पसंत केलेलें) चार महिन्यांत खिळखिळें झालें. त्या वेळीं नेपल्स हें इटालींतील सर्वांत मोठें शहर होतें. वस्ती साडेचार लक्षांच्या आसपास. द्वीपकल्पांतील पहिली आगगाडी १८३९ सालीं नेपल्सहून पोर्तिचीस धांवली होती, आणि शहराजवळच्या पिएत्रार्सा येथें आगगाडीचीं एंजिनें तयार करणारा मोठा कारखाना होता. या गोष्टींच्या आधारें बोर्बोन राजवटीचे अभिमानी आजही असें मांडतात कीं दक्षिण संपन्न होती व उत्तरेनें तिला लुटली. हा दावा फारसा टिकणारा नाहीं. ती पहिली आगगाडी धांवली खरी, पण राजधानींतून राजवाड्याच्या गांवीं; आणि वीस वर्षांनंतरही त्या सबंध राज्यांत लोहमार्ग शंभर किलोमीटरच्या आसपासच होते, तर एकट्या पीडमाँटांत आठशेंच्या वर. एकीकरणसमयीं दक्षिणेचें दरडोई उत्पन्न उत्तरेइतकेंच होतें असें कांहीं इतिहासकार म्हणतात, तर इतर कांहीं तें शेंकडा दहा-वीसांनीं कमी होतें असें धरतात. मला या वादापेक्षां दुसरा एक आंकडा अधिक बोलका वाटतो. १८६१ च्या शिरगणतींत पीडमाँटांत शेंकडा चौपन्न माणसें निरक्षर होतीं. बॅसिलिकाटा प्रांतांत शेंकडा नव्वदांहून अधिक. पैशाचें अंतर अजून थोडें होतें. पण पुढें ज्याच्या बळावर पैसा मिळावयाचा त्या अक्षरओळखीचें अंतर प्रचंड होतें.

नव्या राज्यानें काय केलें? पीडमाँटचे कायदे जसेच्या तसे दक्षिणेवर पसरले. पीडमाँटची जकात हलकी होती. ती लागू होतांच दक्षिणेंतील कारखान्यांना मिळणारें संरक्षण कांहीं मालांवर एकदम चार-पंचमांशानें उतरलें आणि ते कारखाने उघड्या वाऱ्यावर पडले. १८५९ चा काझाटी शिक्षणकायदा शाळांचा खर्च गांवोगांवच्या नगरसभांवर टाकीत होता. ज्या गांवाच्या तिजोरींत कांहींच नाहीं त्यानें शाळा काढावी कशांतून? म्हणजे कायदा सर्वांना सारखा, आणि म्हणूनच फळ विषम. प्राथमिक शाळांचा भार मध्यवर्ती सरकारनें आपल्या शिरावर घ्यावयास १९११ साल उजाडावें लागलें. तोंवर पन्नास वर्षें हातचीं गेलीं. याच काळांत डोंगराळ मुलखांत बंडाळी माजली. सरकारनें बंडवाल्यांस ‘लुटारू’ म्हटलें, १८६३ सालीं पिका कायदा करून लष्करी न्यायासनें बसविलीं, आणि ज्या शेतकऱ्यांस जमीन हवी होती त्यांस बंदुकीची गोळी दिली.

पुढें १८८७ सालीं धोरण नेमकें उलटें फिरलें. परदेशी मालावर भारी जकात बसली. तिचा लाभ उत्तरेंतील पोलादास व कापडास झाला, आणि दक्षिणेंत तो गहू पिकविणाऱ्या मोठ्या जमीनदारांस झाला. फ्रान्सनें सूड म्हणून इटालीच्या दारूवर जकात वाढविली तेव्हां मात्र बुडाला तो पुलिया प्रांतांतील लहान द्राक्षबागाईतदार. जकात उतरली तेव्हां दक्षिण मार खाते आणि चढली तेव्हांही दक्षिणच मार खाते, हें पाहून कोणासही वाटावें कीं हा दैवाचाच खेळ आहे. दैव वगैरे कांहीं नव्हतें. दक्षिणेचे जे प्रतिनिधी रोमला संसदेंत बसत ते जमीनदारांचे होते, भूमिहीनांचे नव्हते. मतदानाचा हक्कच मुळीं मूठभरांस होता.

या दुखण्याचें निदान करणारांत तीन पंथ निघाले. नेपल्सकडील फ्रांचेस्को निट्टी यानें १९०० सालीं सरकारी जमाखर्च तपासून दाखविलें कीं दक्षिण आपल्या ऐपतीच्या मानानें कर अधिक भरते आणि तिच्यावर खर्च कमी होतो. रिओनेरो गांवचा जुस्तीनो फोर्तुनातो हा अधिक उदास वृत्तीचा विद्वान. त्याच्या मतें दक्षिण मुळांतच गरीब. माती चिकण, पाऊस अवेळीं, आणि सखल जमीन जेवढी सुपीक तेवढी हिंवतापानें ग्रासलेली. तिसरा पंथ मात्र लाजिरवाणा होता. आल्फ्रेदो निचेफोरो यानें १८९८ सालीं असें प्रतिपादिलें कीं दक्षिणेंतील लोक वंशानेंच हीन, म्हणून ते मागासलेले. हा ग्रंथकार स्वतः सिसिलींत जन्मलेला! गरिबाच्या दारिद्र्याचें कारण त्याच्या रक्तांत आहे असें एकदां ठरविलें म्हणजे श्रीमंताचें मन निश्चिंत होतें, व तिजोरीस तोशीस पडत नाहीं. या युक्तिवादाचा अनुभव आपल्या देशांतील लोकांस थोडा का आहे?

१९०२ च्या सप्टेंबरांत पंचाहत्तर वर्षांचा वृद्ध प्रधानमंत्री झानार्देल्ली बॅसिलिकाटाच्या दौऱ्यावर निघाला. मोलिटेर्नो गांवच्या नगराध्यक्षानें आठ हजार नागरिकांच्या वतीनें त्याचें स्वागत केलें. त्यांतले तीन हजार अमेरिकेंत असून उरलेले पांच हजार त्यांच्या मागून जाण्याच्या तयारींत आहेत, असेंही त्यानें स्वागताच्याच भाषणांत सांगून टाकलें. ही अतिशयोक्ति नव्हती म्हटलें तरी चालेल. १८७६ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत इटालींतून सुमारें एक कोटि चाळीस लक्ष माणसें परदेशीं गेलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांत दक्षिणेचा भरणा मोठा होता. त्यांनीं धाडलेल्या पैशानें गांवांतलीं कर्जें फिटलीं, घरांवर कौलें चढलीं, आणि इटालीच्या सरकारास परदेशी हुंडणावळीचा आधार मिळाला. पुढें १९२१ व १९२४ च्या कायद्यांनीं अमेरिकेनें दार लोटून घेतलें, आणि मुसोलिनीच्या राजवटीनें देशांतल्या देशांतही शहराकडे जाणाऱ्यांस अडविलें. दक्षिणेचा प्रश्न फॅसिझमनें सोडविला आहे, सबब त्याची चर्चा नको, असें त्या राजवटीचें धोरण. १९३५ सालीं बॅसिलिकाटांत हद्दपार करून धाडलेल्या कार्लो लेव्ही या चित्रकारानें तेथील खेड्यांचें जें वर्णन १९४५ सालीं प्रसिद्ध केलें, त्यानें ही ‘सोडवणूक’ साऱ्या जगास दाखविली. १९५१ सालीं हिशेब मांडला तेव्हां दक्षिणेंतील माणसाचें उत्पन्न उत्तर व मध्य इटालींतील माणसाच्या जवळजवळ निम्मे भरलें. म्हणजे एका राज्याखालीं नव्वद वर्षें नांदल्यावर विहिरींतील पाणी सम होण्याऐवजीं एकींतलें दुसरींत उतरलें होतें.

आतां या कथेंतील सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. १९४९ च्या आक्टोबरांत कालाब्रियांतील मेलिस्सा गांवीं पडीक जमीन कसावयास गेलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या व तिघांचा प्राण गेला. देशभर हलकल्लोळ झाला. पुढील सालीं दे गास्पेरी सरकारनें दोन गोष्टी केल्या. मोठ्या जमीनदाऱ्यांतील कांहीं जमीन काढून भूमिहीनांस वांटण्याचे कायदे केले; आणि १० आगस्ट १९५० रोजीं ‘कास्सा पेर इल मेझ्झोजोर्नो’, म्हणजे ‘दक्षिण-निधि’, स्थापिला. दहा वर्षांसाठीं एक हजार अब्ज लिरांची तरतूद त्यास एकदम करून दिली. या निधीची कल्पना ज्यांच्या डोक्यांतून निघाली त्यांत बँक ऑफ इटालीचा गव्हर्नर दोनातो मेनिकेल्ला हा प्रमुख. तो पुलियांतील एका लहानशा गांवचा. दक्षिणेची गरिबी त्यानें अहवालांत वाचलेली नव्हती. अमेरिकेंतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा कित्ता त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. निधीची रक्कम दरसाल संसदेच्या मर्जीवर अवलंबून नसावी, खात्याखात्यांच्या ओढाताणींतून ती मोकळी असावी, आणि कामें ठरवावयाचीं तीं इंजिनिअरांनीं ठरवावीं, असा कटाक्ष होता. जागतिक बँकेनें १९५१ सालीं या निधीस एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें तें याच शिस्तीकडे पाहून.

पहिल्या सात-आठ वर्षांत निधीनें कारखान्यांस हातही लावला नाहीं म्हटलें तरी चालेल. त्यानें पाणी, रस्ते, धरणें व दलदल यांकडे लक्ष दिलें. डी. डी. टी. ची फवारणी १९४७ पासून चालू होती. जो हिंवताप फोर्तुनातोस दक्षिणेची जन्मजात शिक्षा वाटत असे, तो चार-पांच वर्षांत हटला. मेटापोन्तोचें समुद्रकांठचें मैदान शतकानुशतकें ओसाड होतें, कारण तेथें रात्र काढणें म्हणजे मरण ओढवून घेणें. तेथें पाट आले, कुळांचीं घरें उठलीं, आणि आज तेथें फळबागा आहेत. माटेरा गांवीं डोंगरांत कोरलेल्या गुहांतून माणसें व जनावरें एकत्र रहात. दे गास्पेरी तें १९५० सालीं पाहून आला, आणि १९५२ च्या कायद्यानें सुमारें पंधरा हजार लोकांस नव्या घरांत नेण्याचें ठरलें. (त्याच गुहा १९९३ सालीं जागतिक वारसा म्हणून गणल्या गेल्या, व आतां प्रवासी तेथें एका रात्रीचें भारी भाडें मोजून झोपतात. काळाचा विनोद कधीं कधीं फार कठोर असतो.)

१९५७ पासून दुसरा अंक सुरू झाला. सरकारी मालकीच्या कंपन्यांनीं आपल्या नव्या भांडवलापैकीं शेंकडा साठ भाग दक्षिणेंत गुंतविला पाहिजे असा कायदा झाला. टारान्तो येथें पोलादाचा अवाढव्य कारखाना, जेला व ब्रिंदिसी येथें तेलापासून रसायनें काढणारे कारखाने उभे राहिले. याच वर्षांत उत्तरेंत मिलान, टुरिन व जिनोआ या त्रिकोणांतील कारखाने असे कांहीं भरभराटले कीं त्यांस हात पुरेनात. वीस लक्षांहून अधिक दक्षिणवासी आगगाडीनें उत्तरेस गेले. टुरिनमध्यें त्यांस ‘दक्षिणेकडील लोकांस जागा मिळणार नाहीं’ अशा पाट्या वाचाव्या लागल्या, तरी ते राहिले. फळ काय झालें? १९५१ सालीं जें प्रमाण निम्म्याच्या घरांत होतें, तें १९७० च्या दशकाच्या आरंभीं तीन-पंचमांशांच्या पुढें, कांहीं गणनांप्रमाणें दोन-तृतीयांशांपर्यंत, चढलें. उत्तर थांबली होती म्हणून दक्षिणेनें तिला गांठलें असें नव्हे. साऱ्या युरोपांत वेगानें धांवणाऱ्या उत्तरेच्या मागून धांवून दक्षिणेनें हें अंतर कापलें. रक्ताचा सिद्धांत सांगणारांचें तोंड या वीस वर्षांनीं कायमचें बंद व्हावयास हवें होतें.

परंतु या यशाचा हिशेब नीट तपासला पाहिजे. दरडोई उत्पन्न म्हणजे एक भागाकार. अंश वाढला तरी उत्तर वाढतें आणि छेद घटला तरी वाढतें. दक्षिणेंत दोन्ही झालें. धरणें व कारखाने यांनीं अंश वाढविला. ज्या तरुणांच्या हातांस शेतींत काम नव्हतें ते निघून गेल्यानें छेद हलका झाला. सोलोच्या समीकरणांत मजूर असाच जातो, आणि इथवर समीकरण खरें ठरलें. भांडवलाचें मात्र तसें झालें नाहीं. खाजगी भांडवल आपण होऊन दक्षिणेस फारसें गेलेंच नाहीं. जें गेलें तें कायद्यानें ढकललेलें व सरकारी होतें.

आणि ढकलणारा हात सैल होतांच तें थांबलें. १९७३ सालीं खनिज तेलाच्या किंमती भडकल्या. पोलाद व रसायनें या दोन धंद्यांस त्याचा सर्वांत मोठा फटका, आणि नेमके तेच धंदे दक्षिणेंत आणून ठेवलेले. टारान्तोच्या कारखान्याभोंवतीं लहान धंद्यांचें जाळें उगवलेंच नव्हतें. कच्चा माल बाहेरून येई, पोलाद बाहेर जाई, गांवास पगार तेवढा मिळे, आणि धूर. इटालियन लोकांनींच अशा कारखान्यांस ‘वाळवंटांतलीं प्रार्थनामंदिरें’ असें नांव ठेवलें. त्याच सुमारास निधीचाही कायापालट झाला. प्रांतिक सरकारें स्थापन झालीं, पक्षांचे लोक कारभारांत शिरले, आणि ज्या पैशाचें एके काळीं धरण होत असे त्याची खिरापत होऊं लागली. १९७० सालीं रेज्जो शहरांत राजधानीच्या मानावरून दंगली पेटल्या. त्या शमविण्यासाठीं सरकारनें जवळच्या जोया टाउरो येथें पोलादाचा कारखाना देऊं केला. जगांत पोलाद विकलें जात नसतां! नारिंगांच्या व ऑलिव्हच्या बागा तोडून जागा सपाट झाली. कारखाना कधींच उभा राहिला नाहीं. त्यासाठीं खणलेलें बंदर बरींच वर्षें पडून राहिलें आणि १९९५ पासून मालाच्या पेट्या उतरविण्याच्या कामीं आलें. १९८४ सालीं निधीच गुंडाळण्यांत आला. तेव्हांपासून दक्षिणेचें प्रमाण तीन-पंचमांशांच्या खालींच घुटमळत आहे.

निधि वाईट होता म्हणून बुडाला, हें मत उत्तर इटालींत फार लोकप्रिय आहे, व १९९० नंतर तेथें एक राजकीय पक्षही या मतावर वाढला. माझ्या मतें तें अर्धवट आहे. निधीच्या पहिल्या वीस वर्षांचा आणि शेवटच्या दहा वर्षांचा कारभार एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. शिवाय पहिल्या काळांत दक्षिणेंत खर्चलेल्या लिरांतून यंत्रें, पोलाद, मोटारी यांच्या मागण्या उत्तरेकडेच जात होत्या, ही गोष्ट ते सोयीनें विसरतात.

येथें महाराष्ट्राचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. १९५३ च्या नागपूर करारानें विदर्भ व मराठवाडा यांस जी आश्वासनें दिलीं त्यांचा पडताळा पाहण्यासाठीं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या १९८४ च्या अहवालानें ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणांत रूढ केला आणि त्याची बेरीज सुमारें ३,१८७ कोटि रुपये सांगितली. ही बेरीज रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने, विजेचे पंप अशा मोजतां येण्याजोग्या गोष्टींची होती. इटालीच्या निधीनें पहिल्या दशकांत हाच अनुशेष बऱ्याच अंशीं भरून काढला होता. पण रस्ता झाल्यावर त्या रस्त्यानें काय येतें आणि कोण निघून जातो, हें अनुशेषाच्या तक्त्यांत बसत नाहीं. आपल्याकडील वादांत रकमेची चर्चा जितकी होते तितकी या दुसऱ्या प्रश्नाची होत नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

बॅसिलिकाटाची सद्यःस्थिति या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. एके काळचा हा सर्वांत दरिद्री प्रांत. फोर्तुनातोच्या रिओनेरोपासून जवळच, मेल्फीच्या मैदानांत, १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धांत फियाट कंपनीनें मोटारींचा कारखाना उघडला. आग्री नदीच्या खोऱ्यांत खनिज तेल लागलें. आणि दरडोई उत्पन्नांत या प्रांतानें दक्षिणेंतील आपल्या बहुतेक शेजाऱ्यांस मागें टाकलें. १९६१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें ६ लक्ष ४४ हजार होती. २०२१ सालीं ती साडेपांच लक्षांच्याही खालीं उतरलेली दिसली. जाणारांत आतां भूमिहीन मजूर नसून पदवीधर तरुण आहेत, आणि ते मिलानास किंवा त्याच्याही पलीकडे जातात. मोलिटेर्नो गांव त्याच आग्रीच्या बाजूस आहे. ज्या आठ हजारांच्या वतीनें तेथील नगराध्यक्षानें वृद्ध झानार्देल्लीचें स्वागत केलें होतें, त्यांच्या जागीं आज गांवांत सुमारें निम्मी वस्ती उरली आहे.